मेंढ्या बसल्या, पण नांगर फिरला नाही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि खडकमळ्याचे ज्येष्ठ ग्रामस्थ माननीय सोपानराव आप्पा, शिरूरहून सवड काढून आलेले आपले केंद्रप्रमुख सतीश सर, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा मोनिकाताई, व्यासपीठावर नको नको म्हणत असताना ज्यांना आग्रहाने बसवलं ते रखमाजी आबा, ज्यांच्यासाठी हा मांडव घातला त्या आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आदरणीय माया बाई, समोर बसलेले ग्रामस्थ, माता-भगिनी आणि सतरंजीवर मघापासून चुळबुळ करणारे माझे छोटे मित्र, आपणां सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी ज्ञानेश्वरी. याच शाळेत बाईंच्या हाताखाली शिकले. सध्या शिरूरच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकते आणि दुपारच्या वेळी इथे मुलांना गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवायला येते. मला ध्वनिक्षेपकासमोर बोलण्याची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. वाचताना मान वर झाली नाही तर कृपया तो अनादर समजू नये.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी बाईंना ज्ञानदीप म्हटलं, आदर्श म्हटलं, मातृहृदयी म्हटलं. त्यातलं काहीच खोटं नाही. पण निबंधात विशेषणांची रास घातली की बाई वहीच्या समासात लिहायच्या, ‘हे ठीक. पण घडलं काय?’ तेव्हा आज त्यांच्यासमोर उभं राहून मी पुन्हा तीच चूक करणं बरं दिसणार नाही. मी फक्त घडलं ते सांगते. तेही सगळं नव्हे. समोर जे मैदान दिसतं आहे, तेवढ्यापुरतंच.

ही हकिगत भर समारंभात सांगावी की नाही, असं मी आप्पांना अगोदर विचारलं होतं. ते म्हणाले, “सांग की पोरी. पन त्यातनं माझं नाव गाळलंस, तर अध्यक्ष म्हनून तुला बोलू द्यायचो न्हाई.” तेव्हा आप्पा, नाव गाळलेलं नाही.

आपल्या मैदानात पूर्वी काही नव्हतं. म्हणजे माती होती, दगड होते आणि एक कडुलिंब होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने वस्तीवरच्या शाळांना खेळणी द्यायचं ठरवलं, तेव्हा आपलं नाव यादीत यावं म्हणून आप्पांनी स्वतःच्या मोटारसायकलवर खेपा घातल्या, हे मी इथे मुद्दाम नमूद करते. घसरगुंडी आली, झोके आले. पावसाळ्यात पोरांचे गणवेश चिखलाने माखतात, अशी आयांची जुनी तक्रार होती. म्हणून खेळण्यांखाली मुरूम टाकून, रोलर फिरवून, लाल-पिवळे पेव्हिंग ब्लॉक बसवले गेले. उद्घाटनाला पेढे वाटले. ब्लॉकवर उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले, त्यात मीही आहे.

श्रोतेहो, ब्लॉकवर आपल्या सगळ्यांची एक श्रद्धा आहे, हे मान्य करायला हरकत नसावी. ब्लॉक बसले म्हणजे काम झालं. देवळापुढे ब्लॉक, ग्रामपंचायतीपुढे ब्लॉक, दशक्रिया घाटावर ब्लॉक. मग एकट्या शाळेनेच काय पाप केलं होतं?

गेल्या वर्षी, उन्हाळा लागायच्या सुमाराला, मधल्या सुट्टीत तिसरीतली प्रांजल घसरगुंडीच्या शिडीवरून निसटली. कुणी ढकललं नव्हतं, भांडण नव्हतं. पाय सुटला, एवढंच. ती ब्लॉकवर कोपरावर पडली. शिरूरला दवाखान्यात नेलं, हातात तारा घालून हाड जुळवावं लागलं. ती मोनिकाताईंची मुलगी. ताई तेव्हा समितीवर नव्हत्या. त्या दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जात, आजही जातात.

त्यानंतरच्या बैठकीत कुणी म्हणालं, पोरं हल्ली फार दंगा करतात. कुणी म्हणालं, घसरगुंडीला कुलूप लावा. घसरगुंडीला कुलूप कसं लावतात, ते मात्र कुणी सांगितलं नाही. बाईंनी सगळ्यांना बोलू दिलं आणि मग विचारलं, “या शाळेची जुनी पोरं लिंबावरून पडायची की नाही?” सगळे हसले, कारण बैठकीतले निम्मे त्या लिंबावरून पडलेले होते. मीसुद्धा पडले आहे. गुडघे फुटायचे, ओठ सुजायचे, घरी गेल्यावर वरून धपाटे मिळायचे. “फांदी घसरगुंडीपेक्षा उंच आहे,” बाई म्हणाल्या. “मूल तेच, पडणं तेच. मग बदललं काय?” आणि त्यांनी बोट खाली केलं.

मोनिकाताई दारात उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “बाई, पोरीला शाळंत धाडीन. पन ह्या फरशीवर पाय ठिवू द्यायची न्हाई. खाली मऊ करा, तवाच ती खेळंल. न्हाईतर ऱ्हाऊ द्या वर्गातच.”

बाईंनी तिथल्या तिथे शब्द दिला, “ब्लॉक काढू. पावसाळ्यात प्रांजल मैदानात खेळेल.”

आता आप्पांचं ऐका. “आवं बाई, लोक दारात बलॉक बसवाया पुढाऱ्यांच्या मागं फिरत्यात, आन् तुम्ही बसवल्यालं काढाया निघालाय व्हय? कंपनीवाल्यांला काय तोंड दावू मी? म्हनत्याल, खडकमळ्याला चांगलं दिल्यालं पचत न्हाई.”

त्यांचा राग वाजवी होता. खेपा त्यांनी घातल्या होत्या. शिवाय त्यांनी एक उपायही आणला. ब्लॉक तसेच ठेवून वर हिरवं प्लॅस्टिकचं गवत अंथरायचं. कारखाना तेही द्यायला तयार होता. नमुना म्हणून एक तुकडा आला. दिसायला देखणा, पावसात न भिजणारा, शेणा-मातीचं नाव नाही. बाई नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी तो तुकडा चैत्रातल्या भर दुपारी मैदानात टाकला आणि समितीला विनंती केली, की निर्णयापूर्वी एकेकाने चपला काढून त्यावर उभं राहावं. सदस्य एक पाय टेकवायचे आणि दुसरा टेकवण्याआधी उतरायचे. आप्पा मात्र उभे राहिले. चेहरा लाल झाला, घाम फुटला, पण उतरेनात. बाईंनी विचारलं, “आप्पा, पोळतंय का?”

“छ्या! गार हाय,” आप्पा म्हणाले आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले. “लई गार हाय.”

आप्पा, तुम्ही आत्ता हसताय म्हणजे मी पुढे वाचायला हरकत नाही असं समजते. त्या दिवशी तुम्ही उतरलात ते थेट लिंबाच्या सावलीत, आणि जाताना तो तुकडा स्वतःच गुंडाळून नेलात. हा तुमचा मोठेपणा आम्ही सगळ्यांनी पाहिला. त्या गवताचे तंतू झिजून, सुटून ओढ्याला आणि ओढ्यातून विहिरीला जातील, हे बाई नंतर सांगणार होत्या. सांगायची वेळच आली नाही.

प्लॅस्टिक गेलं, मग मऊ आणायचं कुठून? मी पुस्तकातून वाचून वाळू सुचवली. आप्पा म्हणाले, “वाळूचं नाव काढू नको पोरी. वाळूचा टेंपो शाळंच्या दारात दिसला, तर म्होरं टेंपो आन् मागं तहसीलदार.” कुणी उसाचं पाचट सुचवलं, त्यावर विंचू-काट्याची आणि काडेपेटीची आठवण निघाली. शेवटी बाई म्हणाल्या, “माती आहेच की. तिला आपणच दाबून मारलं. तिच्यात पुन्हा जीव आला, गवत धरलं, की लिंबाखाली होती तशी होईल.”

पण रोलरने दाबलेल्या मुरमावर गवत धरणार कसं? इथे रखमाजी आबा आले.

आबा माझे चुलत आजोबा. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढ्या होत्या. आता आम्ही शेती करतो, वांगी लावतो, शेवंती लावतो. पण आबांच्या मेहुण्यांचा कळप अजून फिरतीवर असतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी आपल्या शिवारातून जातो. कुणाच्या रानाला खत हवं असलं, की तो शेतकरी मेंढ्या बसवून घेतो. दिवसा चरून आलेला कळप जाळीच्या कुंपणाचा वाडा करून त्या रानात मुक्काम करतो. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं आणि पुढचं पीक तरारून येतं. आपल्यापैकी कुणाला हे नवीन नाही. फक्त शाळेच्या मैदानात मेंढ्या बसवाव्यात, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आबा बाईंना म्हणाले, “सुट्टी लागली की आठवडाभर वाडा हितंच टाकू. खडक जरी असला, तरी हिरवा व्हईल.”

सतीश सरांना हे कळवलं तेव्हा सरांनी फोनवर ते दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, शाळेत मेंढ्या, हे मी वर कोणत्या रकान्यात भरू?” सर, आपण ते कोणत्याच रकान्यात भरलं नाहीत, त्याबद्दल खडकमळा आपला ऋणी आहे.

सुट्टीत ब्लॉक निघाले. ते वाया गेले नाहीत. रस्त्यापासून शाळेपर्यंतच्या पायवाटेवर, जिथे खरा चिखल व्हायचा, तिथे ते बसले, आणि गणवेशाची तक्रारही तिथेच संपली. मैदान खणून भुसभुशीत केलं, तळ्यातला थोडा गाळ मिसळला. मग मेंढ्या आल्या. बसल्या, उठल्या, पुढे गेल्या. ज्यांना लहान मुलांच्या आरोग्याची शंका येत असेल त्यांच्यासाठी सांगते, की त्यानंतर सगळी माती वरखाली केली आणि शाळा उघडेपर्यंत उन्हात तापू दिली. हे झालं त्याच सुट्टीत बाईंनी घसरगुंडीचं तोंड उत्तरेला फिरवून घेतलं, कारण दुपारी तिचा पत्रा तव्यासारखा तापत असे. बाहेर आलेल्या बोल्टांची टोकं कापून त्यावर टोप्या बसवल्या. झोक्यांच्या आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी, जिथे पोरांच्या पायांनी गवत टिकत नाही, तिथे खड्डा करून वखारीतल्या लाकडाच्या ढलप्या भरल्या. हातपंपाचं वाहून जाणारं पाणी करंजाच्या नव्या रोपांना वळवलं.

पाऊस झाला आणि मैदान हिरवं झालं. इतकं हिरवं, की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. बाईंनी मोनिकाताईंना निरोप धाडला, ‘प्रांजलला घेऊन या. मैदान तयार आहे.’

ताई आल्या. मैदानाच्या कडेला उकिडव्या बसल्या. हरळीत बोटं घालून त्यांनी दोन पानांचं एक नाजूक रोप चिमटीत धरलं, वर काढलं आणि बाईंना दाखवलं.

“बाई, हे गवत न्हाई. येडी बाभळ हाय.”

“एखादं आलं असेल,” बाई म्हणाल्या.

“एखांदं? बगा की खाली. समदं रान तिचंच हाय.”

आम्ही सगळे खाली वाकलो. हरळीच्या आडून, घसरगुंडीपासून थेट कुंपणापर्यंत, बोटभर उंचीची रोपं उभी होती. काहींना काटे फुटायला लागले होते. मी वनस्पतिशास्त्र शिकते. या मैदानातून मी रोज ये-जा करत होते.

झालं होतं ते असं. उन्हाळ्यात चारा नसतो, तेव्हा मेंढ्या वेड्या बाभळीच्या पिवळ्या शेंगा आवडीने खातात. शेंग पचते, बी पचत नाही. ते लेंडीबरोबर जसंच्या तसं पडतं, आणि उलट लवकर रुजतं. मग आजवर आपल्या रानांत बाभळीचं जंगल का झालं नाही? हाच प्रश्न बाईंनी आबांना विचारला. आबा लिंबाखाली बसले होते. मुंडासं काढून मांडीवर ठेवलं होतं. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“बाई, आमी मेंढरं बसिवतो आन् उठून म्होरं जातो,” आबा म्हणाले. “मागं काय उगवतं ते आमी कवा बघितलंच न्हाई. मागनं पाऊस पडला, बी उगवलं, की शेतकरी नांगर घालतो. कुळव घालतो. आलं-गेलं त्यातच मरतं. ही शाळा हाय. हितं नांगर कुठला?”

श्रोतेहो, मला हे वाक्य फार मोठं वाटतं. मेंढ्यांमागून नांगर येतो, ही गोष्ट आपल्याकडे इतकी गृहीत आहे, की मेंढपाळाने ती सांगितली नाही, शेतकऱ्याने आठवली नाही, आणि आम्ही शिकलेल्यांनी विचारली नाही. चूक कुणा एकाची नव्हती. सगळ्यांना अर्धं अर्धं ठाऊक होतं.

मोनिकाताई मात्र रागावल्या. “बाई, हाडं मोडू नयेत म्हनून मऊ करा म्हनलं, तर तुम्ही काटं लावलं. आता पोरगी अनवानी पळायची का न्हाई ह्याच्यावर?” आणि त्या प्रांजलला हाताला धरून घेऊन गेल्या.

गावात जे व्हायचं ते झालं. शाळेच्या मैदानात बाभळीची शेती केलीय, हेक्टरी उतारा किती, असं पारावर लोक विचारू लागले. आप्पांनी तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन येण्याची तयारी दाखवली. “दोन पंपांत पिवळं पडंल समदं. हाय काय आन् न्हाई काय!” बाई म्हणाल्या, “आप्पा, पोरं इथे लोळतात. माती लागलेले हात तोंडात घालतात.” आप्पा म्हणाले, “मंग आता गावालाच इचारू. पंध्रा ऑगस्टला ग्रामसभा हाय. बाभळ ठिवायची का बलॉक आनायचं, एकदाचं ठरू द्या.”

स्वातंत्र्यदिनाला झेंडावंदन झालं आणि ग्रामसभा इथेच, याच मांडवाच्या जागी भरली. बाई उठल्या. आम्हाला वाटलं, त्या बाजू मांडतील. त्या म्हणाल्या, “चूक झाली आहे. आबांची नाही, मी पुरतं विचारलं नाही. आणि आज ही रोपं काढली तरी संपणार नाहीत. बी जमिनीत आहे. पुढची काही वर्षं दर पावसाळ्यात ती येतील, आणि जमीन ओली असतानाच मुळासकट उपटावी लागतील. नुसती छाटली तर पुन्हा फुटतात. ब्लॉकला हे काही लागत नाही. तुम्हाला दरवर्षी हे करणं जमणार नसेल, तर ब्लॉक बसवा. मी आडवी येणार नाही.”

आप्पांनी विचारलं, “म्हंजी बाई, दरसाल खुरपायचं?”

“हो.”

“आन् तुमची बदली झाली मंग? बलॉकची काय बदली व्हत न्हाई.”

बाई खाली बसल्या.

खरं सांगायचं तर हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत चांगली गोष्ट आली, की ती कोणत्या बाईंनी वा गुरुजींनी आणली ते आपण सांगतो, आणि ते गेले की ती का बंद पडली तेही आपल्याला सांगता येतं. आप्पांनी त्या दिवशी विचारलेला प्रश्न टोमणा नव्हता.

मोनिकाताई बायकांत बसल्या होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “बदलीचं बदली व्हईल तवा बघू. बलॉकवर माझ्या पोरीचा हात मोडला, काट्यावर तिचा पाय फाटंल. पन काटा आपल्या हातानं उपटता येतो, बलॉक न्हाई. एक साल द्या. पुढल्या पावसाळ्यात मैदान काट्याचं निघालं, तर मीच बलॉकला हात वर करीन.” आणि मग शेजारणीला म्हणाल्या, “काल भुई भिजलीया. आज उपटलं तर मुळासकट निघंल. उठा, पात धरा.”

खुरपणीला बायका ओळीने बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला जी पट्टी येते, तिला आपण पात म्हणतो. त्या दिवशी मैदानाच्या अशा पाती पडल्या. झेंडावंदनाला घातलेल्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत माणसं खाली बसली. ताईंची ती शेजारीण म्हणजे धुरपदाकाकी. त्यांनी आप्पांना त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टासकट आपल्या शेजारची पात दिली.

“आप्पा, माझ्या मागं पडू नगा. मुकादम रोज कापील.”

“मुकादम कोन गं?”

“मीच की!”

रखमाजी आबांनी पात घेतली ती कुंपणाकडची, जिथे रोपं दाट होती. मुंडासं अजून खांद्यावरच होतं. मोनिकाताईंनी आपली पात संपवली आणि त्यांच्या पातीत समोरून शिरल्या. मधे दोघांची गाठ पडली, तेव्हा ताई म्हणाल्या, “आबा, गवत मातुर झ्याक आलंय हं.” आबांनी मुंडासं पुन्हा डोक्याला बांधलं.

काम संपल्यावर ताईंनी चपला काढल्या आणि मैदान एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अनवाणी तुडवलं. मधे दोनदा थांबून वाकल्या, राहिलेलं उपटलं. मग प्रांजलला म्हणाल्या, “जा.”

एका वर्षाची मुदत ग्रामसभेने दिली ती अशी. या वर्षात मुलं रोज पडली. पडली, उठली, पुन्हा शिडीकडे धावली. पडण्याची बातमी घरापर्यंत पोचेनाशी झाली. मैदानाबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि चांगल्या मैदानाबद्दल याहून जास्त काही असूही नये.

आणि मग यंदा, मुदत संपत आली असताना, बदलीचा आदेश आला. शिरूर तालुका सोडून दौंड तालुका. कासुर्डी. पाऊस झाला होता, मैदानात बाभळीची रोपं पुन्हा डोकं वर काढत होती, आणि बाईंना कार्यमुक्त व्हायचं होतं. बाई मधल्या सुट्टीत एकट्याच मैदानात वाकून बघत असत. त्यांनी मोनिकाताईंना सांगितलं होतं, “कासुर्डी काही फार लांब नाही. पुढच्या रविवारी मी येते, आपण सगळे मिळून काढू. तोपर्यंत थांबा.” ताई हो म्हणाल्या होत्या.

त्या थांबल्या नाहीत. त्याआधीच्याच रविवारी, बाई घरी पुस्तकं बांधण्यात गुंतल्या असताना, गाव मैदानात होतं. बाईंना कळवायचं नाही, अशी ताकीद होती. सोमवारी सकाळी बाई आल्या, नेहमीसारख्या आधी मैदानाकडे वळल्या. एका ठिकाणी वाकल्या, दुसऱ्या ठिकाणी वाकल्या. रोप नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मातीची चिमूट उचलून हुंगली. आप्पा पाणी प्यायला पंपावर आले होते. बाई त्यांच्यावर कडाडल्या, “आप्पा, फवारणी केलीत ना शेवटी?”

आप्पांनी दोन्ही हात पुढे केले. तळव्यांना फोड आले होते. “फवारलं असतं तर हे कशानं आलं असतं, बाई? धुरपदीनं दोन पाती दिल्या मला यंदा.”

तेवढ्यात मोनिकाताई प्रांजलला सोडायला आल्या. बाईंनी त्यांना विचारलं, “मला का नाही बोलावलंत?” आवाजात राग होता, आणि रागाशिवायही काही होतं.

ताई म्हणाल्या, “तुमाला बोलावलं असतं, तर आमचं आमाला जमतंय का न्हाई, हे कसं कळलं असतं, बाई?”

बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि वर्गात जाऊन हजेरी घेतली. ज्ञानदीप वगैरे म्हणण्याऐवजी मला आज एवढंच सांगायचं होतं, की सोमवारी सकाळी आमच्या बाईंना आपल्याच शाळेत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ज्या कामासाठी त्या झटल्या, ते काम त्यांच्याशिवाय पार पडलं होतं, आणि ज्यांनी ते केलं ते त्यांच्यासमोर हातावरचे फोड दाखवत उभे होते.

बाई, कासुर्डीच्या मुलांना तुम्ही मिळणार, याचा हेवा वाटतो. तिथेही तुम्ही आधी खाली बघाल, हे मला माहीत आहे. इकडे केव्हाही या. चहा घ्या, लिंबाखाली बसा, पोरांचे पाढे घ्या. पुढच्या पावसाळ्याचा प्रश्न विचारू नका. ग्रामसभेने परवा ब्लॉकचा विषय पटलावरून काढून टाकला आहे. ठराव आप्पांनी मांडला.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, समितीचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणां सर्वांचे मनापासून आभार. थोरांची नावं घेताना, त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगताना कुठे मर्यादा ओलांडली गेली असेल, तर वयाने लहान म्हणून ती पोटात घालावी. आणि अध्यक्षमहोदय, एक नम्र विनंती. अजून दोन भाषणं आणि आभारप्रदर्शन बाकी आहे. मुलांना आता मैदानात सोडावं.

धन्यवाद.